गडद रंगाची गाडी धुताय, पॉलिश करताय? या चुका टाळा

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बोनेटवर पडलेलं सूर्याचं प्रतिबिंब नीट बघा. त्याच्याभोवती बारीक चऱ्यांची गोल वलयं दिसतील. आता दोन पावलं बाजूला सरका. वलयंही तुमच्याबरोबर सरकतात! म्हणजे ते चरे मुळात गोल नाहीतच. ते सगळ्या पत्र्यावर वाटेल त्या दिशेने पसरलेले आहेत. त्यांतले प्रकाशाच्या वाटेला आडवे येणारे तेवढे चमकतात आणि त्यांचं वलय भासतं.

पांढऱ्या गाडीवरही असेच चरे असतात. तिथे मागचा रंगच भरपूर प्रकाश परत फेकतो, त्यामुळे चऱ्यावरून विखुरलेला थोडासा प्रकाश त्यात हरवून जातो. काळ्या रंगातून परत येणारा प्रकाश अगदी कमी, म्हणून तिथे प्रत्येक रेघ उठून दिसते. काळा रंग नाजूक असतो, असं सर्रास म्हटलं जातं. नाजूक कसला, चुगलखोर म्हणा. आणि चुगली करतो ती बहुतेक वेळा आपल्याच फडक्याची.

रोजचं कोरडं पुसणं

सगळ्यात जास्त नुकसान यातून होतं, त्यामुळे बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. गडद गाडीवर रात्रभरात बसलेली धूळ सकाळी लगेच दिसते, आणि हात आपोआप फडक्याकडे जातो. धुळीत वाळूचे, दगडाच्या भुकटीचे कण असतात. कोरडं फडकं ते कण उचलत नाही, रंगावरून फरफटत नेतं. रोज पुसली की गाडी रोज चकचकीत दिसते खरी, पण त्या चकाकीखाली जाळं दाट होत जातं. पिसांचा झाडूही याला अपवाद नाही. ओलं पण एकदाच बुडवलेलं फडकं सगळ्या गाडीवर फिरवणं हा त्याचाच जुळा भाऊ. दुसऱ्या दरवाजापर्यंत पोचेतो त्यात पहिल्या दरवाजाची माती भरलेली असते.

धूळ सहन होत नसेल तर नुसतं पाणी मारा. नाहीतर सरळ दुर्लक्ष करा. गडद गाडीवर धूळ बसलेली चालते, घासलेली चालत नाही. माझं मत स्पष्ट आहे: गडद गाडीला जितका कमी हात लागेल तितकी ती जास्त काळ चांगली दिसते.

धुळीच्या गाडीवर कव्हर घालणंही याच सदरात येतं. वाऱ्याने कव्हर हलत राहतं आणि मधली धूळ रंगावर घासली जाते. कव्हर घालायचं तर धुतलेल्या गाडीवर, आणि कव्हरची आतली बाजूही स्वच्छ असलेलं.

धुताना

उन्हात तापलेली गाडी धुवायला घेऊ नका. गडद पत्रा फिकट पत्र्यापेक्षा खूप जास्त तापतो. शाम्पू धुवून काढण्याआधीच वाळतो आणि पाण्याचे थेंब जागच्या जागी आटून डाग पडतात. पत्र्यावर तळहात आरामात टेकवता येत नसेल तर थांबा, किंवा गाडी सावलीत लावून गार होऊ द्या.

आधी भरपूर पाण्याने सुटी माती वाहून जाऊ द्या. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळली जाते, आणि मग शाम्पूचा फेस असूनही चरे पडतात. प्रेशर वॉशर असेल तर नळी पत्र्याच्या फार जवळ नेऊ नका. रंगाचा टवका उडालेला असेल तर जोराचं पाणी त्याच्या कडेखाली शिरून आणखी रंग उडवू शकतं.

बादल्या दोन हव्यात. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एखादा भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत. एकाच बादलीत काम केलं तर काढलेली माती पुन्हा गाडीवर लावण्याचीच सोय होते. तळाला जाळी ठेवली तर खाली बसलेला गाळ परत वर येत नाही. छतापासून सुरुवात करा, दरवाजांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. चाकांसाठी वेगळी बादली, वेगळं फडकं. ब्रेकमधून झडलेली लोखंडाची कणी त्यावर असते, आणि ती बोनेटवर गेली तर काय होईल हे सांगायला नको.

हात सरळ रेषेत फिरवावा, गोल नको, असं सांगतात. ठीक आहे, तसं करा. पण वर पाहिलं तसं, वलयांचं कारण हाताची दिशा नसून फडक्यातला कण आहे. कण असेल तर सरळ हातानेही चराच पडेल.

भांडी धुण्याचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे तो वॅक्सचा थरही काढून नेतो. कपड्यांची पावडर त्याहून वाईट. गाडीचा शाम्पू वापरा, सौम्य असलेला. फिरत्या ब्रशच्या स्वयंचलित धुलाईबद्दल एवढंच म्हणतो की तुमच्या आधी त्यातून कोणती गाडी गेली, हे तुम्हाला माहीत नसतं.

वाळवताना

गाडी आपोआप वाळू देणं ही चूक, आणि रगडून पुसणं ही त्याहून मोठी. शेवटचं पाणी पाइपाची तोटी काढून, फवारा न करता, वरून सलग वाहू द्या. बरंचसं पाणी त्या धारेबरोबर ओघळून जातं. मग मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून अलगद ओढा. जोर द्यायचा नाही.

टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो बाद. परत झटकून वापरू नका. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुतला तर त्यांचे तंतू त्यात अडकतात, आणि कपडे मऊ करणारं द्रव्य वापरलं तर त्याची पाणी शोषण्याची ताकद जाते. शिवलेल्या कडा आणि लेबल कडक असतात; लेबल आधीच कापून टाका.

पांढरे ठिपके आणि पक्ष्यांची विष्ठा

धुतल्यावर उरलेले पांढरे ठिपके म्हणजे जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. ते घासून निघत नाहीत, घासल्याने चरे मात्र पडतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून, गार पत्र्यावर, आधी एका कोपऱ्यात करून बघा. ओलं फडकं मिनिटभर ठेवायचं, मग भरपूर पाण्याने धुवायचं. तरीही ठिपक्याच्या जागी खळगा दिसत असेल तर क्षार वरच्या थरात रुतलेत. तिथे पॉलिशशिवाय इलाज नाही, आणि खोल असेल तर पॉलिशनेही नाही.

विष्ठेच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. तिच्यातली आम्लता आणि तापलेला गडद पत्रा ही जोडी काही तासांतसुद्धा डाग पाडू शकते. पण घाईने नखाने किंवा कोरड्या कागदाने खरवडू नका, कारण वाळलेल्या विष्ठेत खरखरीत कण असतात. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवून ती मऊ होऊ द्या आणि मग उचलून घ्या.

पॉलिश म्हणजे काय, हेच न समजणं

इथे जरा थांबायला हवं. पॉलिश आणि वॅक्स एकच समजले जातात, आणि पुढचे बरेच घोळ त्यातून होतात. पॉलिशमध्ये बारीक घर्षक कण असतात. ते रंगाच्या वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, किंचित झिजवून चऱ्याच्या तळापर्यंत सपाट करतात. वॅक्स काहीच काढत नाही, वर संरक्षक थर देतं. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो, बऱ्याच लोकांच्या केसापेक्षाही पातळ. अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी वॅक्स लावणं ठीक, पण दर दोन-तीन महिन्यांनी पॉलिश म्हणजे थर संपवण्याची तयारी.

सुरुवात नेहमी सौम्य पॉलिशने आणि मऊ पॅडने करा. हातभर जागेवर करून बघा. तेवढ्याने भागलं तर रबिंग कंपाउंडला, म्हणजे जाड कणांच्या जास्त झिजवणाऱ्या पॉलिशला, हात लावायचं कारणच नाही. पहिल्याच फटक्यात कंपाउंड घेतलं तर फिकट गाडीवर खपून जातं. काळ्या गाडीवर त्याचे स्वतःचे चरे दिसतात आणि मग ते काढायला आणखी पॉलिश. टूथपेस्ट हा उपाय नाही. तिच्यातले कण दातांसाठी मोजलेले असतात.

प्रत्येक चरा काढलाच पाहिजे असंही नाही. चऱ्यावर पाणी लावा. ओला असताना दिसेनासा झाला तर तो वरच्या थरातला आहे. नख अडकत असेल तर तो खोल आहे. त्याच्या मागे लागाल तर आजूबाजूचा थर संपेल आणि चरा तिथेच राहील.

गोल फिरणारं साधं मशीन नवख्याने हातात घेऊ नये. एकाच जागी क्षणभर जास्त थांबलं तरी रंग तापून करपतो, आणि कडा व घड्यांवर तर थर आधीच पातळ असतो. अशा कडांवर टेप लावा. फिरता फिरता डोलणारं ड्युअल ॲक्शन मशीन हळू काम करतं, पण चूक पोटात घालतं. पॅडवर गाडीचा रंग येऊ लागला तर ताबडतोब थांबा: क्लिअर कोट संपलाय. जुन्या पद्धतीचा, वर पारदर्शक थर नसलेला रंग असेल तर मात्र पॅडला रंग लागणं स्वाभाविक आहे. आपल्या गाडीचा रंग कोणत्या प्रकारचा, हे आधी माहीत हवं. मॅट रंगाला तर पॉलिश लावायचंच नाही, तो जागोजागी चमकायला लागतो.

आणि पॉलिशआधी क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. धुतलेल्या पत्र्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवा. खरखर लागली तर कण चिकटलेत, ते पॉलिश करताना पॅडखाली घासले जातील. क्ले फिरवताना पत्रा निसरडा ठेवायला शाम्पूच्या पाण्यासारखं भरपूर वंगण हवं. तरी गडद रंगावर तो हलके ठसे सोडतोच, म्हणून पुढे पॉलिश करायचं नसेल तर क्लेच्या वाटेला जाऊ नका.

पॉलिशनंतर दिसणारे दोष

उन्हात गाडीवर हलणाऱ्या, लाटांसारख्या चकाकत्या पट्ट्या दिसल्या तर ते मशीनचे ठसे. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने पुन्हा एकदा, हळू.

दुकानातून पॉलिश करून आणलेली गाडी आरशासारखी, आणि दोन-तीन धुलाईंनंतर सगळे चरे परत? चरे गेलेच नव्हते, तेलकट भरावाखाली दडले होते. काळं रंगीत वॅक्सही हेच करतं. हे ओळखायचं तर काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने एक भाग पुसून, एकाच तीव्र दिव्याखाली बघा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात चरे लपतात, म्हणून तिथे गाडी ताब्यात घेऊ नका.

वॅक्सनंतर ढगाळ, तेलकट झाक राहिली तर बहुधा वॅक्स जास्त झालंय. पातळ थरच पुरतो. जरा ओलसर, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसलं की जाते.

दरवाजांमधल्या खांबांवरचं चकचकीत काळं प्लास्टिक सगळ्यांत आधी खराब होतं, कारण ते पत्र्यावरच्या रंगापेक्षा मऊ असतं. तिथे मशीन नको, फडकंही शक्य तितकं कमी. वॅक्सचे पांढरे डाग खरखरीत काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर वाळले की निघता निघत नाहीत. टेप लावायला लागतात दोन मिनिटं. आणि एखादा भाग नुकताच रंगवून घेतला असेल तर वॅक्स कधी लावायचं हे ज्याने रंगवलं त्यालाच विचारा, कारण रंग आतून पूर्ण वाळायला काही आठवडे लागू शकतात. तोवर त्या भागाला नुसतं पाणी आणि सौम्य शाम्पू.