पुण्याच्या रस्त्यांवर वाहनाची स्थाननिश्चिती कशी तपासावी

स्वयंचलित वाहनाचा रिसीव्हर, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांच्या संकेतांवरून गाडीचे स्थान काढणारे उपकरण, किती मीटर चुकतो, यापेक्षा तो कोणत्या दिशेने चुकतो हे आधी पाहावे. साडेतीन मीटर रुंदीच्या मार्गिकेत रस्त्याच्या लांबीच्या दिशेने झालेली दोन मीटरची चूक बहुधा खपून जाते; तेवढीच आडवी चूक मात्र गाडीला शेजारच्या मार्गिकेत दाखवते.

अँटेना छताच्या मध्यावर बसवून मागच्या आसापासूनचे तिचे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजून ठेवावे. सर्व सेन्सरांच्या नोंदी उपग्रहांच्या वेळेशी जुळवाव्यात, कारण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ०.१ सेकंदात सुमारे १.६७ मीटर पुढे गेलेली असते. (घड्याळाचा हा दोष बरेचदा उपग्रहांच्या माथी मारला जातो.)

चूक मोजायची तर खरे स्थान माहीत हवे. मोकळ्या आकाशाखाली भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायमस्वरूपी संदर्भ स्थानकांच्या आधारे आरटीके पद्धतीने (स्थानकाकडून येणाऱ्या दुरुस्त्या त्याच क्षणी वापरून) ते काही सेंटीमीटरपर्यंत मिळते. दाट वस्तीत मात्र आरटीकेच डळमळते, म्हणून तेथे पहाटे रहदारी नसताना टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या उपकरणाने) मोजलेल्या रस्त्यावरील खुणाच प्रमाण मानाव्यात.

लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे आकाशाची साधारण पूर्व-पश्चिम पट्टीच मोकळी राहते. उपग्रह त्याच पट्टीत दिसत असल्याने रस्त्याच्या दिशेचे स्थान बरे मिळते आणि आडवी चूक वाढते. शिवाय भिंतींवरून परावर्तित होऊन आलेला संकेत लांबचा मार्ग घेतो आणि प्रत्येक नॅनोसेकंदाच्या उशिरामागे अंतर ३० सेंटीमीटरने वाढवून दाखवतो. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या मार्गाखाली परिस्थिती नेमकी उलटी होते: माथ्यावरचे उपग्रह झाकले जातात आणि बाजूचे, क्षितिजालगतचे तेवढे उरतात. म्हणून क्षितिजापासून पंधरा अंशांखालचे उपग्रह वगळण्याचा नेहमीचा नियम येथे डोळे झाकून लावू नये. उपग्रहाची उंची पाहण्याऐवजी संकेताची तीव्रता अचानक घसरते का, ते पाहून त्याला वगळावे.

कात्रजच्या नव्या बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, त्यामुळे चाकांचे सेन्सर आणि जायरो (गाडीचे वळणे मोजणारा सेन्सर) यांच्यावरच भिस्त असते. बाहेर पडताना साचलेली चूक तेवढी नोंदवावी.

रिसीव्हर-अँटेनाच्या दोन मांडण्यांची तुलना करताना दुसरी फेरी पुढच्या दिवशी सुमारे चार मिनिटे आधी सुरू करावी, म्हणजे जीपीएसचे उपग्रह आकाशात जवळपास त्याच जागी असतील. गॅलिलिओ (युरोपची) आणि ग्लोनास (रशियाची) या यंत्रणांच्या उपग्रहांचा क्रम असा रोज जुळत नाही, त्यामुळे या फेऱ्यांपुरते ते बंद ठेवावेत.