कामगार बदलायला तयार नाहीत म्हणताय? आधी या चुका तपासा

बेळगावात उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. मागं आम्ही रिजेक्शनची, म्हणजे खराब निघालेल्या मालाची वही बंद करून मोबाईलवर एंट्री सुरू केली आणि पंधरा दिवसांत सगळं फिसकटलं, आणि मी लोकांना हटवादी म्हणत बसलो. खरं हटवादी मीच होतो.

पहिली चूक म्हणजे फर्मान काढणं. शिफ्टच्या आधी सगळ्यांना उभं करून सांगितलं, उद्यापासून वही बंद. झालं, जी वही कुणाला लिहायला नको वाटायची तीच लोक कोर शॉपमध्ये (साच्याच्या आतले वाळूचे गाभे करतात तिथं) लपवून भरायला लागले. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेहम यांनी 1966 मध्ये हेच मांडलं होतं, निवड हिसकावली की माणूस तिलाच चिकटतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका पायजमा कारखान्यातला 1948 चा अभ्यास आहे, कामाची पद्धत न विचारता बदलली त्या गटातले 17 टक्के लोक पहिल्या 40 दिवसांत काम सोडून गेले, आणि ज्यांना ठरवण्यात घेतलं त्यांच्यातलं कुणीच गेलं नाही. मग आम्हीपण मोल्डरनाच, म्हणजे साचे करणाऱ्यांनाच विचारलं की दोषांची यादी काय ठेवायची. 'ब्लो होल', 'वाळू पडली', 'कोल्ड शट' अशी पाचच नावं त्यांनी ठेवली, माझ्या यादीत बावीस होती!

दुसरी चूक, मान डोलावली म्हणजे पटलं असं धरणं. आपल्याकडं तर मीटिंग मराठीत, निम्मी पोरं घरात कन्नड बोलणारी, आणि शेवटी सगळे 'हौदु हौदु', म्हणजे हो हो. "काय अडचण?" विचारलं तर कोण बोलणार ओ मालकासमोर? त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाईन यांची युक्ती वापरा: सहा महिन्यांनी हे फसलंय असं धरूया, का फसलं ते प्रत्येकानं एकेक सांगा, ज्याला जी भाषा येईल त्यात. असं विचारलं की ती तक्रार राहत नाही, अंदाज होतो. एक पोरगा हात पुढं करून म्हणाला, "साहेब, हाताला वाळू न ब्लॅकिंग (साच्याला लावायचा काळा लेप), स्क्रीनच चालत नाही." एवढंच होतं! आता शिफ्ट संपताना हात धुवून एंट्री, तोवर पत्र्यावर खडूनं रेघा.

सवयीनं माणूस कसा अडकतो हे दाखवायला कोडी घालत असाल तर जपून. मानसशास्त्रज्ञ लुचिन्स यांचं 1942 चं पाण्याच्या मापांचं कोडं मी सुपरवायझरांना घातलं. 21, 127 आणि 3 ची मापं, 100 मोजायचे: 127 मधून 21 एकदा न 3 दोनदा काढा. अशी चार-पाच झाली की 23, 49, 3 देऊन 20 मागायचे, तिथंपण बहुतेक जण तोच लांबचा हिशोब करतात, 23 मधून 3 काढले की झालं हे दिसतच नाही. कोडं भारी आहे, पण मी आमच्या जुन्या सुपरवायझर मामांना सगळ्यांसमोर हसलो आणि ते आठवडाभर बोलले नाहीत. आधी स्वतः चुकून दाखवा, मग दुसऱ्याला द्या.

आणि फायदेच सांगत बसू नका. काहनमन-ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच सांगितलं होतं, मिळण्यापेक्षा जाण्याचा चटका जास्त. मामांचं काय गेलं होतं? कास्टिंग (ओतून तयार झालेला भाग) हातात घेऊन दोष ओळखायचा मान. आता मामांनी बघितल्याशिवाय एंट्री पक्की होत नाही, आणि पोरं परत त्यांच्या टेबलाजवळ जमतात.