आखूड केसांना मेंदी, मग नीळ

आखूड केसांना 100 ग्रॅम मेंदी पूड पुरते. थंडीत रात्रीच गंजात (पातेल्यात) कोमट पाणी आणि थोडं लिंबू घालून भिजवा. आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात 2-3 तासांतच रंग सुटतो. लावून दोन तासांनी नुसत्या पाण्याने धुवा. एवढ्याने पांढरे केस तांबूस होतात. काळे हवे असतील तर लगेच निळीच्या पानांची पूड लावा. कपड्यांची नीळ नव्हे! ही साध्या पाण्यात कालवून 15 मिनिटांनी लावायची, लिंबू अजिबात नको. तासाभराने धुवा. दोन दिवस शाम्पू टाळा, तोवर रंग गडद होत जातो. बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त बऱ्याचदा पीपीडी हे रसायन असतं, त्याने सुजलेली टाळू मी घरातच पाहिली आहे. पाकिटावरचे घटक वाचाच.