ईमॅक्समध्ये मेल आणताना एडिटर गोठतो? माझा अनुभव

पावसाळ्यात देवगडात रेंज ये-जा करते. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधल्या ग्नूस या मेल वाचायच्या सोयीत नवे मेल आणायला 'जी' दाबलं की कर्सरसकट अख्खा एडिटर गोठायचा, अर्धवट लिहिलेलं उत्तरही अडकायचं. ईमॅक्स नव्याने घातलं, फरक शून्य. जाम वैताग आला होता.

सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ईमॅक्स दुसरं काहीच करत नाही, हे मूळ. म्हणून वाचणं-लिहिणं एडिटरात, ने-आण बाहेर, असं माझं ठाम मत झालंय.

क्रम असा: ग्नूसमधून आयमॅप (सर्व्हरवरचं मेल वाचायची पद्धत) खातं काढून टाका. एमबीसिंक या मेल उतरवणाऱ्या प्रोग्रामने मेल डिस्कवर मेलडिरमध्ये (दर मेलची वेगळी फाइल ठेवणारा फोल्डर) उतरवा. पहिली फेरी टर्मिनलवरून, पूर्ण होईपर्यंत. मग नॉटमच, म्हणजे या मेलची शोधसूची बनवणारा आणि ईमॅक्समधून वाचू देणारा प्रोग्राम: आधी 'नॉटमच सेटअप', मग सूची बनवायला 'नॉटमच न्यू'. शेवटी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) दर 10 मिनिटांनी आधी एमबीसिंक, नंतर 'नॉटमच न्यू'. दोहोंमध्ये अर्धविराम द्या, म्हणजे रेंज गेली तरी सूची बनते. पासवर्ड एमबीसिंकच्या 'पासकमांड' (PassCmd) या सेटिंगमधून द्या. क्रॉनमध्ये तो टाइप करायला कोणी नसतं.