थंडी ओसरताना पिल्ले काढताय? पहाटेचा गारठा आणि ओली गादी सांभाळा

थंडी ओसरू लागली की कोंबड्या पुन्हा जोमाने अंडी घालतात आणि एखादी खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने, खुराड्यातून हलेनाशी होते. पिल्ले काढायला हा काळ चांगला, कारण उन्हाचा तडाखा सुरू होईपर्यंत ती पिसांनी भरून आलेली असतात. अडचण आहे ती दिवसरात्रीच्या फरकाची. दुपारी इतकी ऊब असते की दिवा नकोसा वाटतो आणि पहाटे पिल्ले गारठतात. परसात पिलांची मर होते ती मुख्यतः पहिल्या तीन आठवड्यांत, म्हणून सगळा जोर तिथेच लावावा.

रवणावर, म्हणजे कोंबडीखाली उबवायला, ठेवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. तडा गेलेली, फार मोठी किंवा फार लहान अंडी वगळा. मळलेली अंडी धुऊन वापरू नका. धुण्याने कवचावरचा संरक्षक थर जातो आणि जंतूंना वाट मिळते. साठवताना निमुळते टोक खाली ठेवा. मध्यम अंगाच्या कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरेत. हाव धरून जास्त ठेवली तर नुकसान काठावरच्या दोन-चार अंड्यांवर भागत नाही. कोंबडी अंडी सतत फिरवते, आज काठावर असलेले उद्या मध्ये येते, आणि आळीपाळीने सगळ्यांनाच गारठा लागतो.

बसवण्याआधी कोंबडीच्या पंखांखाली आणि शेपटीजवळ उवा आहेत का ते पाहा, असल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. रात्री बसवली तर ती लवकर स्थिरावते. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवून पेन्सिलीने खूण करा, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मागाहून घातलेले अंडे ओळखून काढता येते. दाणापाणी जवळच ठेवा.

सातव्या दिवशी अंधारात अंडे बॅटरीसमोर धरा. आत गडद ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव धरला आहे. अंडे अगदी स्वच्छ दिसले तर ते रिकामे, बाजूला काढा. यंत्रात उबवत असाल आणि त्यात पंखा असेल तर तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवा आणि १८व्या दिवसानंतर फिरवणे थांबवा. शेवटचे तीन दिवस आर्द्रता वाढवा आणि झाकण उघडू नका.

२१व्या दिवसाच्या सुमारास कवचाला पहिली टोच पडते. त्यानंतर पिल्लू कित्येक तास, कधी दिवसभरही, तसेच पडून राहते. पाहणाऱ्याचा जीव खालीवर होतो, पण कवच सोलू नका. त्या वेळी आतल्या शिरांमधले रक्त पिलात परतत असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोलले तर रक्तस्राव होतो. त्याच बलकावर पिल्लू दोन दिवस काढू शकते, त्यामुळे दाण्याचीही घाई नको. अंग पूर्ण वाळू द्या आणि मगच हलवा.

आई पिल्ले सांभाळत असेल तर उबेचे काम तीच करते. तुम्ही फक्त रात्रीचा निवारा कोरडा ठेवा, दव उतरल्याशिवाय पिल्ले बाहेर सोडू नका, आणि घार-मांजरापासून जपायला सुरुवातीला डालग्याखाली ठेवा.

आईविना वाढवताना पहिल्या आठवड्यात दिव्याखाली पिलांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश ऊब हवी. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जा. पिवळ्या उजेडाचा जुना तारेचा बल्ब किंवा खास उष्णतेचा दिवाच वापरा. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. दिवा साखळीने पक्का टांगा, नुसत्या वायरीवर सोडू नका, कारण तो पिलांखालच्या तुसाच्या गादीवर पडला तर आग लागते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणे तर टाळाच, त्या धुरात विषारी वायू असतो.

तापमापक असला तरी शेवटचा शब्द पिलांचा. दिव्याखाली एकावर एक चढून चिवचिवाट करत असतील तर गारठली आहेत, अशा ढिगाऱ्यात खालची गुदमरतात. कडेला जाऊन चोच उघडून धापत असतील तर दिवा वर घ्या. सगळीकडे पसरून निवांत झोपली असतील तर ठीक. ही पाहणी पहाटे एकदा कराच, कारण संध्याकाळी बरोबर वाटलेली ऊब तेव्हा कमी पडलेली असते.

गादी भाताच्या तुसाची, दोन इंच जाड. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, म्हणून पहिले दोन दिवस वर खरखरीत गोणपाट अंथरा. पाण्याचे भांडे उथळ ठेवून त्यात खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. रोज मूठभर तूस दाबून पाहा; गोळा झाला तर गादी ओली आहे, तेवढा भाग बदला. तिसऱ्या आठवड्यापासून दिसणारी रक्ती हगवण अशा ओलीतच बळावते. विष्ठेत रक्त दिसले की त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठा.

खाद्य पिलांचे वेगळेच हवे, प्रथिने २० टक्क्यांच्या पुढची. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य देऊ नका, त्यातल्या जास्त कॅल्शियमने पिलांची मूत्रपिंडे बिघडतात. गुदद्वाराला विष्ठा चिकटून बसली असेल तर कोमट पाण्याने भिजवून पुसा, ओढून काढू नका.

मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा नावाची लस ५ ते ७ दिवसांच्या वयात, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. १४व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या रोगाची, आणि पुढे मानमोडीची पुन्हा मात्रा व देवीची लस. त्यांचे दिवस पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. लस बर्फातच आणा, कालवल्यावर लगेच वापरून संपवा, आणि उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. मरगळलेल्या पिलांना त्या दिवशी लस देऊ नका. आधी ती वेगळी काढून ऊब द्या.