‘ओळखा पाहू’ची पुस्तकं: घरी करताना आणि वाचून दाखवताना या चुका टाळा

चित्रावर चिकटवलेली कागदी झडप उघडली की मांजर. भोकातून दिसणारं शेपूट कुणाचं, ते पान उलटल्यावर कळणार. ‘पाठीवर घर घेऊन कोण चालतं?’ असं विचारून थांबणारं पान. दीड ते पाच वर्षांच्या मुलांसाठी अशी पुस्तकं विकतही मिळतात आणि पुठ्ठा, कार्डशीट, गोंद एवढ्या सामानात घरी किंवा बालवाडीतही होतात. तरीही हौसेनं केलेलं पुस्तक चार दिवसांत कपाटावर जातं, कारण मूल त्यात रमत नाही. बहुतेक वेळा घोटाळा एकाच ठिकाणी असतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मुलाला डोकं चालवायला जागा हवी. ती एकतर उरलेली नसते, नाहीतर इतकी वाढलेली असते की मूल नाद सोडून देतं.

उत्तर आधीच फुटतं

सगळ्यात जास्त होणारी चूक पानांच्या मांडणीची आहे. डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर उत्तर. पुस्तक उघडलं की दोन्ही एकदम दिसतात, मग ओळखायचं काय? प्रश्न कायम उजव्या पानावर घ्या आणि उत्तर त्याच्या पाठीवर. म्हणजे प्रश्न ३, ५, ७ असे विषम आकड्यांच्या पानांवर येतील आणि उत्तरं ४, ६, ८ वर. एक अडचण उरते: चौथ्या पानावरचं उत्तर बघताना शेजारी पाचव्या पानावरचा पुढचा प्रश्न दिसतो आणि दोन-अडीच वर्षांचं मूल लगेच तिकडे धावतं. पानं वाढवायची तयारी असेल तर उत्तराचं चित्र दोन्ही पानांवर पसरून काढा. नसेल तर वाचताना उजव्या पानावर हात ठेवा, तेवढ्यानं भागतं.

दुसरी फूट कागदातून होते. झेरॉक्सचा कागद ७०–८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन तितके ग्रॅम) असतो. त्याची झडप लावली तर खालचं काळ्या रेषांचं चित्र आरपार दिसतं, आणि मुलं ते आपल्या आधी हेरतात. झडपेला २५० जीएसएमचं तरी कार्डशीट घ्या. चिकटवण्याआधी चित्रावर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरून बघा. सावली दिसली तर झडपेच्या आतल्या बाजूला गडद रंगाचा घोटीव कागद डकवा.

तिसरी फूट झडपेच्या आकारातून. सशाच्या चित्रावर सशाच्याच आकाराची झडप कापली, किंवा कान वरून डोकावत राहिले, तर कोडं संपलं. झडप साधी चौकोनी, नाहीतर झुडूप, पेटी, दार, माठ अशा लपायच्या जागेची असावी. एखादा अवयव मुद्दाम बाहेर ठेवायचा असेल तर तो निवडून ठेवा, चुकून राहिलेला नको.

किती दाखवायचं?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. भोकातून पिवळा गोल दिसतोय. तो सूर्य, लिंबू, आंबा, चेंडू, अंड्याचा बलक, काहीही असू शकतो. चार वर्षांच्या मुलाला हा संभ्रम आवडतो, ते पाच उत्तरं देतं. दोन वर्षांच्या मुलाला मात्र धरायला काहीच नसतं. त्याच्यासाठी ओळख पटवणारा एक भाग पूर्ण दिसू द्या: हत्तीच्या सोंडेचं टोक, मांजरीचा कान आणि मिशा, कोंबड्याचा तुरा. चित्राचा साधारण तिसरा हिस्सा दिसला तर या वयाला पुरतो. तीन वर्षांपुढे तो कमी करत न्या.

चित्र कुठल्या बाजूनं काढलंय हेही तपासा. गाय मागून, गाडी वरून, कप तळाकडून, अशी चित्रं मोठ्यांनाही क्षणभर थांबवतात. लहानांसाठी प्राणी बाजूनं आणि वस्तू किंचित तिरपी, समोरून. पार्श्वभूमी कोरी ठेवा. मागे डोंगर, झाड, सूर्य काढले की मूल ते ओळखत बसतं, आणि खरं तर त्याचं चुकलेलं नसतं.

ओळखायची वस्तू मुलाच्या पाहण्यातली हवी, हे सांगायची गरज वाटत नाही, पण परदेशी पुस्तकावरून नक्कल करताना रॅकून, बर्फाचा माणूस, लाल भोपळ्याचा कंदील जसेच्या तसे उतरवले जातात. त्याऐवजी पोळपाट-लाटणं, कुकर, रिक्षा, शहाळं, घंटागाडी घ्या. उलट, न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलासाठी पुस्तक करत असाल तर पाटा-वरवंटा आणि बंब कोड्यात नकोत. ते साध्या ओळखीच्या पानावर आधी यावेत, कोड्यात नंतर.

सगळी कोडी प्राण्यांचीच असणं ही छोटी पण टाळण्यासारखी चूक आहे. तिसऱ्या पानापर्यंत मुलाला कळतं की उत्तर प्राणीच आहे, मग ते खूण न बघता ‘भूभू, माऊ, हम्मा’ अशी यादी म्हणू लागतं. सहा कोड्यांत दोन प्राणी, दोन खायच्या गोष्टी, एक वाहन, एक घरातली वस्तू असं मिसळा. दोन वर्षांच्या मुलाला एका बैठकीत सहा कोडी पुष्कळ झाली. चार-पाच वर्षांसाठी दहा-बारा चालतात.

कोड्याचे शब्द

जुनी कोडी हाताशी असतात म्हणून ती थेट पुस्तकात घातली जातात. ‘कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी’ – लसूण. ‘पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब’ – मक्याचं कणीस. ठसका भारी आहे, पण हे सगळं रूपक आहे. लसणाच्या पाकळ्यांना लेकी म्हणायचं, कणसाच्या तुऱ्याला दाढी म्हणायचं, हे साडेचार-पाचच्या आधी सहसा पोचत नाही. अडीच वर्षांच्या मुलाला खरोखरचे पाटील दिसतात. त्या वयाला दिसणारं, ऐकू येणारं, करता येणारं सांगा: ‘सालीचा रंग पिवळा. सोलायचं आणि खायचं. माकडालाही आवडतं.’ तेच जुनं कोडं घ्यायचंच असेल तर प्रश्नाच्या पानावर कणसाचा तुरा अर्धा दाखवा. चित्रामुळे रूपक पकडीत येतं.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी पुस्तकावरून उतरवताना हमखास बिघडते: ‘मी कोण?’ अशी रचना. मराठीत ‘मी उडतो’ म्हटलं की चिमणी बाद, ‘मी उडते’ म्हटलं की पोपट बाद. बोलतं झालेलं मूल ही खूण नकळत पकडतं. वाईट म्हणजे कासव, मांजर, वासरू यांना ‘मी’ लावला की वाक्यच अडतं, कारण ‘मी हळू चालतं’ असं कुणी म्हणत नाही. मग कासव ‘चालतो’ आणि वाचणारी आजी वैतागते. सोपी वाट म्हणजे ‘कोण’नं विचारणं. ‘हळूहळू कोण चालतं?’, ‘पहाटे कोण आरवतं?’ ‘कोण’बरोबर क्रियापद नपुंसकलिंगी येतं, त्यामुळे ना उत्तर फुटत, ना व्याकरण मोडत. खाण्याच्या वस्तूंना ‘काय’ लावा. विशेषणंही तपासून घ्या: ‘हिरवा, लाल चोचीचा’ यापेक्षा ‘रंग हिरवा, चोच लाल’ बरं.

झडप फाटते, उघडी राहते, वाकडी होते

झडप दुमडीवर फाटते याचं कारण बहुधा कागदाची दिशा. कार्डशीटमधले तंतू एका दिशेनं बसलेले असतात. तुकडा हातात घेऊन आधी आडवा आणि मग उभा, हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेनं वाकवताना तो कमी विरोध करतो, त्या वाकाच्या रेषेला दुमड समांतर यायला हवी. उलट केली तर दुमडीवर तडे जातात आणि पन्नासेक उघडझापीत झडप हातात येते. दुमडण्याआधी संपलेल्या बॉलपेननं आणि स्टीलच्या पट्टीनं रेघ दाबून घ्या. कटरनं अर्धं कापून दुमडायचा मोह टाळा, ती रेघ आधी फाटते.

झडप ५–६ सेंटिमीटर रुंद असावी. चिकटवायची पट्टी किमान १.५ सेंटिमीटर, ५ मिलिमीटरवर भागवू नका. उघडणाऱ्या कडेला अंगठा जाईल अशी अर्धगोल खाच कापा, साधारण २ सेंटिमीटरची. खाच नसली की मूल नखानं कोपरा ओरबाडतं आणि झडप तिरकी फाटते. बिजागरी कायमची टिकवायची असेल तर सुती कापडाची ३ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, अर्धी झडपेच्या मागे, अर्धी पानावर. सेलोटेप लावू नका. ती काही महिन्यांत पिवळी पडते, कडा सुटतात आणि धूळ धरते.

पान पापडासारखं वाकतं ते पातळ केलेल्या किंवा जाड लावलेल्या फेविकॉलमुळे. ओला कागद प्रसरण पावतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. गोंद न पातळ करता, ब्रशनं अगदी विरळ थर द्या. दीड-दोन मिलिमीटरच्या बाइंडिंगच्या पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच वजनाचा कागद एकाच दिवशी चिकटवा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. प्लॅस्टिकच्या कागदात धरून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. पंख्याखाली वाळवलं की वाकणारच. आधीच वाकलेलं पान असेल तर दुसऱ्या बाजूला तसाच कागद डकवून पुन्हा दाबा, बरंचसं सरळ होतं.

लॅमिनेशन ही हौशी लोकांची आवडती चूक. १२५ मायक्रॉनच्या पाऊचमधून काढलेली झडप कडक होते, मिटून राहत नाही, म्हणजे उत्तर कायम उघडं. शिवाय कापलेला कोपरा टोचतो. पानं लॅमिनेट करायची तर कडेला ३ मिलिमीटर मोकळी फिल्म ठेवा, नाहीतर लाळ आत शिरून थर सुटतात. कोपरे गोल कापा. झडप मात्र कार्डशीटचीच राहू द्या. फाटली तर बदलता येते, म्हणून सुरुवातीलाच चार-पाच जादा कापून ठेवा.

भोकाच्या पुस्तकात भोक आणि चित्र जुळत नाही, कारण प्रत्येक पानावर वेगळं मोजलं जातं. सगळी पानं बाइंडिंगच्या कडेनं टेबलावर ठोकून एका रेषेत आणा, भोकाच्या मध्यावर टाचणी आरपार टोचा, आणि त्या खुणेभोवती चित्र काढा. बाइंडिंगमध्ये पान थोडं सरकतंच, म्हणून भोक चित्राच्या भागापेक्षा ३ मिलिमीटर लहान ठेवा. व्यास २.५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. ६ ते १२ मिलिमीटरच्या भोकात लहानाचं बोट जातं आणि अडकतं.

जे लावायचंच नाही

चुंबक. झडप झटकन बंद होते म्हणून छोटे गोल चुंबक लावायची सूचना खूप ठिकाणी दिसते. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वळशांमधून एकमेकांना चिकटतात, मधली भिंत दबते आणि तिला भोक पडतं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या पुस्तकात हलणारे डोळे, मणी, चिकटवलेली बटणं, टिकल्या, स्टेपलरच्या पिनाही नकोत. खेळण्यांच्या सुरक्षेच्या चाचणीत सुट्या तुकड्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात मावणारी वस्तू लहान मुलासाठी धोक्याची मानली जाते. वेलक्रो लावायचाच तर शिवून लावा, चिकटवलेली टिकली लाळेनं सुटते.

विकतच्या आवाज करणाऱ्या पुस्तकात बटणासारखा सेल असतो. त्याचं झाकण स्क्रूनं बंद आहे ना, ते घेतानाच बघा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही खोल भाजतं. मुलानं चुंबक किंवा सेल गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.

वाचताना होणाऱ्या चुका

‘काय आहे हे? सांग ना. काल आलं होतं तुला!’ प्रश्न विचारून एका सेकंदात पुढचा प्रश्न, दुसऱ्या सेकंदात उत्तर. लहान मुलाला चित्र बघून, शब्द शोधून, तो तोंडात आणायला वेळ लागतो. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. तोपर्यंत चित्राकडे बघा, मुलाकडे नाही. रोखून बघितलं की परीक्षा होते. पाचानंतरही शांतता असेल तर उत्तर देऊ नका, खूण वाढवा: झडप बोटभर उचला, आवाज काढा, पहिलं अक्षर म्हणा.

मूल पट्टेरी वाघाला ‘भूभू’ म्हणालं तर ‘नाही, चूक’ म्हणून विषय संपवू नका. चार पाय आणि शेपूट बघून त्यानं जे केलं ते बरोबरच होतं. ‘हो, भूभूसारखेच चार पाय. पण अंगावर पट्टे कुणाच्या?’ असं म्हणून झडप त्यालाच उघडू द्या. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संवादी वाचनाच्या पद्धतीचा गाभा हाच आहे: विचारा, मुलाचं ऐका, त्यात थोडी भर घाला, मग ते त्याच्याकडून पुन्हा येऊ द्या.

आता थोडं उलटं. झडपा, ओढपट्ट्या, फिरती चक्रं जितकी जास्त, तितकं मूल शिकेल असं वाटतं. २०१० मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लहानग्यांना प्राण्यांची नावं शिकवून पाहिली, तेव्हा हलत्या भागांच्या पुस्तकातून मुलं कमी शिकली, साध्या चित्रांतून जास्त. हात झडपेत गुंतला की नाव कानाआड होतं. म्हणून एका पानावर एकच झडप ठेवा, आणि नाव सांगायचं ते झडप पूर्ण उघडून हात मोकळा झाल्यावर, चित्रावर बोट ठेवून.

नवं पुस्तक हातात पडताच मूल सगळ्या झडपा फटाफट उघडतं. उघडू द्या. पहिल्या फेरीत ते यंत्र तपासत असतं, कोडी दुसऱ्या फेरीत सुरू होतात. आणि सगळी उत्तरं पाठ झाली म्हणून पुस्तक बाद करू नका. मुलाला प्रश्न विचारायला लावा, तुम्ही चुकीची उत्तरं द्या. सोंड बघून ‘पाण्याचा पाइप?’ म्हणा. तीन वर्षांचं मूल तुम्हाला दुरुस्त करताना जितकं बोलतं, तितकं क्वचितच कशानं बोलतं. हेही जुनं झालं की झडपांखालची चित्रं बदला. चित्र कोपऱ्यांना कागदी खाचांत अडकवलेलं असलं तर दोन मिनिटांचं काम आहे, चिकटवलेलं असलं तर वरून नवं डकवावं लागतं आणि तिसऱ्या थरानंतर झडप मिटत नाही.