जुनी जिप्सी घरी बनवताय? आधी या चुका टाळा

गेल्या सात-आठ वर्षांत माझ्या पार्किंगमधे पंधरा-वीस तरी जुन्या मारुती जिप्स्या येऊन गेल्या असतील, मित्रांच्या, मित्रांच्या मित्रांच्या, आणि दर वेळी गोष्ट तीच. शनिवारी गाडी घेतली, रविवारी टायर बदलले, पुढच्या रविवारी लिफ्ट केली (म्हणजे गाडीची उंची वाढवली), मग टपावर लाइटा लागल्या, आणि महिन्याभरात माझा फोन वाजतो, "दादा, गाडी साठच्या वर गेली की स्टिअरिंग थरथरतंय, काय असेल?" काय असेल ते मला फोनवरच कळतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जिप्सी आली १९८५ ला, ९७० सीसीची. जिप्सी किंग आली १९९६ ला, १२९८ सीसी, ६० हॉर्सपॉवर, आणि २००० ला एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली), ८० हॉर्सपॉवरची. आज तुम्हाला परवडणाऱ्या पैशात जी मिळते ती बहुतेक वीस-पंचवीस वर्षं चाललेली, तीन-चार हात फिरलेली असते. रबर कडक झालेलं, पाटे (लीफ स्प्रिंग) बसलेले, बेअरिंगमधलं ग्रीस कधीच वाळून गेलेलं. अशा गाडीला काहीही नवीन लावायच्या आधी ती कंपनीतून आली तशी करून घ्यायची. हे कंटाळवाणं काम आहे, यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, आणि म्हणूनच कोणी करत नाही.

टायर आणि शॅकल आधी, पुढचा एक्सल नंतर

ही सगळ्यात मोठी चूक आणि ही मी स्वतः केलीय, त्यामुळे सविस्तर सांगतो.

माझी ९८ ची किंग, कार्ब्युरेटरवाली. घेतली तेव्हा २०५/७० आर १५ टायर होते, घासून गुळगुळीत झालेले. मी काय केलं, सरळ २३५/७५ आर १५ टाकले आणि चारही कोपऱ्यांना लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या), एका फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलेले. दिसायला गाडी एकदम भारी. दुसऱ्याच आठवड्यात पौडवरून मुळशीकडे चाललो होतो, ताम्हिणीत शिरायचं होतं, शेजारी धाकटा भाऊ बसलेला, स्पीड पंचावन्न-साठ. पुढचं डावं चाक एका साध्या खड्ड्यातून गेलं, फार मोठा पण नाही, आणि स्टिअरिंग असं काही झटके मारायला लागलं की दोन्ही हातांनी धरता येईना. डॅशबोर्ड, आरसे, सगळं हलतंय, भाऊ ओरडतोय, समोरून एसटी. ब्रेक दाबला तर थरथर वाढली. शेवटी अॅक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप तीसच्या खाली आल्यावर थांबलं. कडेला गाडी लावली आणि दहा मिनिटं दोघंही बोललो नाही.

यानंतर केली ती दुसरी चूक. कोणीतरी सांगितलं स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक अॅब्सॉर्बर) टाक, टाकला. आणि खरंच थरथर गेली! दोन महिने मी खुश. मग वरंधा घाट संपवून भोरच्या बाजूला सपाटीला लागलो आणि परत तेच, या वेळी पहिल्यापेक्षा जोरात. डँपरने रोग बरा केलाच नव्हता, फक्त झाकला होता. अजूनही लोकांना सगळ्यात आधी डँपर घ्यायला सांगतात ते ऐकलं की मला राग येतो, कारण त्या दोन महिन्यांत माझ्या गाडीत घरची सगळी माणसं बसून गेली होती.

शेवटी पुढचा एक्सल पूर्ण खोलला. नकलमधे (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) वर एक आणि खाली एक असे किंगपिनचे (नकल जिच्यावर वळतो ती खीळ) बेअरिंग असतात, दोन्ही बाजूचे मिळून चार. चारपैकी तीन कोरडे ठणठणीत, रोलरवर गंज, एकाच्या कपात खड्डे पडलेले. नकलच्या गोळ्यावरचं सील फाटलेलं, म्हणजे कित्येक पावसाळे पाणी आत जात होतं. त्यात भर माझ्या लांब शॅकलची. जिप्सीत पुढचा पाटा पुढच्या टोकाला शॅकलवर लटकतो, ते शॅकल लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. कॅस्टर कमी म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ व्हायला आळस करतं आणि चाक डुलायला मोकळं होतं. ढिलं किंगपिन, कमी कॅस्टर, जड टायर, तिन्ही एकत्र आले की एक खड्डा पुरतो.

तर तपासायचं कसं. पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं आहे, तरीही राहिला तर किंगपिन. एवढी सोपी टेस्ट आहे, एक पैसा लागत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी ती केलेली नसते. मग गाडी खाली ठेवून कोणालातरी स्टिअरिंग डावी-उजवी थोडं थोडं हलवायला सांगायचं आणि आपण खाली बसून प्रत्येक टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) हात ठेवायचा. ढिला असेल तो हाताला कळतोच.

किंगपिनचे बेअरिंग बदलताना शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या) काढून "अंदाजे" परत टाकू नका. नकल किती ताकदीवर फिरायला लागतो त्याचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधे दिलाय, आणि तो मोजायला मी रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा वापरतो, टाय रॉडच्या भोकात अडकवून ओढायचा. आमच्या इथले जुने मिस्त्री हाताने फिरवून सांगतात आणि त्यांचं बरोबर पण येतं, पण त्यांनी आयुष्यात शेकडो नकल फिरवलेत. तुमचा पहिला आहे, काटा लावा.

आणि टायरचा हिशोब पण एकदा करा. २०५/७० आर १५ ची उंची साधारण ६६८ मिलिमीटर, २३५/७५ आर १५ ची ७३४. म्हणजे जवळपास दहा टक्के मोठं चाक. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६६ ने चाललेले असता, घाटात चौथ्यात चढणारी गाडी तिसरा मागते आणि ब्रेकला तेवढं जास्त काम लागतं. बदल्यात डिफरन्शियल (एक्सलवरचा गिअरचा गोळा) जमिनीपासून किती वर गेलं, तर टायरच्या वाढलेल्या उंचीच्या निम्मं, ३३ मिलिमीटर, सव्वा इंच. आणि शॅकलने तर डिफरन्शियल एक मिलिमीटर पण वर जात नाही, फक्त बॉडी वर जाते. दोन इंच लांब शॅकलमागे गाडी इंचभर उचलली जाते आणि त्यासाठी आपण कॅस्टर घालवून बसतो. मी आता शॅकल कंपनीचेच ठेवलेत, पाटे नवीन कमान मारून घेतले आणि टायर २१५/७५ वर आणले. सह्याद्रीतल्या कच्च्या रस्त्यांना एवढं पुरतं, मला तरी आजवर कमी पडलेलं नाही.

लिफ्ट केलीच असेल तर चेसिस उचलून एक्सल पूर्ण लटकू द्या आणि ब्रेकचा रबरी पाइप बघा. ताणला गेला असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, लांब पाइप येईपर्यंत. यावर चर्चा नाही.

यू-बोल्ट (एक्सलला पाटा आवळून धरणारे) काढले की नवीनच टाकायचे, एकदा ताणलेला यू-बोल्ट परत तसा धरत नाही.

शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट गाडी हवेत असताना फायनल टाइट करू नका. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर, मग टाइट. नाहीतर रबरी बुश कायम पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं, मग लोक म्हणतात बुश डुप्लिकेट निघाले.

बॅटरीवरून थेट वायर

ही माझी दुसरी चीड. वायरिंग हा प्रकार लोकांना टेप गुंडाळला की झाला असं वाटतं.

एका मित्राने टपावर चार लाइटा लावल्या, ५५ वॉटच्या. चार गुणिले ५५ म्हणजे २२० वॉट, १२ व्होल्टवर साधारण १८ अँपिअर. वायर वापरली घरात नाइट लॅम्पला वापरतात तसली बारीक, बॅटरीवरून थेट डॅशबोर्डवरच्या स्विचला, तिथून वर. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, फ्यूज नाही. तो रात्री माळशेजच्या बाजूला निघालेला, मी मागच्या सीटवर. ओतूर सोडलं आणि प्लास्टिक जळाल्याचा वास आला, मग डॅशच्या खालून धूर. स्विच बंद केला तरी धूर चालूच, कारण वायर जिथे फायरवॉलच्या भोकातून आत आली होती तिथे ग्रोमेट (भोकाच्या धारेवरचं रबरी कडं) नव्हतं, पत्र्याच्या धारेने इन्सुलेशन कापलं गेलं होतं आणि तिथेच बॉडीला शॉर्ट झालं होतं. बॅटरी आणि शॉर्टच्या मधे काहीच नव्हतं तोडायला. बॉनेट उघडलं, टर्मिनल काढायचं तर १० नंबरचा पाना टूलबॉक्समधे, टूलबॉक्स सगळ्या सामानाच्या खाली. शेवटी पक्कड सापडली, तिने वायर ओढून तोडली, हाताला फोड आले. सीटखाली सुका गवतासारखा कॉयर (नारळाचा काथ्या) होता, अजून दोन मिनिटं गेली असती तर गाडी राहिली नसती.

तेव्हापासून माझ्या गाडीत बॉनेटखाली एक १० नंबरचा पाना दोरीने बांधलेला असतो आणि बॅटरीवर कट-ऑफ स्विच आहे. ज्याच्या गाडीवर काम करतो त्याला पण आधी हे दोन करायला लावतो, मग बाकीचं.

पद्धत साधी आहे. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. तिथून जाड वायर, एवढ्या लोडला मी ४ स्क्वेअर एमएमची घेतो, रिलेच्या ३० नंबरला. ८७ वरून लाइटला. ८५ अर्थ, ८६ ला डॅशच्या स्विचवरून बारीक वायर. पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट. हेडलाइटला १०० वॉटचे बल्ब टाकायचे असतील तरी हेच, कंपनीचा कॉम्बिनेशन स्विच तेवढ्या करंटसाठी नाही, तो वितळतो. आणि अर्थ रंगावर मारू नका, पत्रा घासून चकचकीत करा. जुन्या जिप्सीत लाइट मंद, हॉर्न रडका, स्टार्टर आळशी, यातल्या निम्म्या तक्रारी अर्थ नीट केला की जातात. बल्ब बदलायच्या आधी तेवढं करून बघा, नवा बल्ब घ्यायची वेळच येणार नाही कदाचित.

एमपीएफआय गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी सुटी करा आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सॉकेट पण काढा. वेल्डर नको म्हणेल, घाईत असतो. गाडी तुमची आहे.

बाकीच्या चुका

ऑइल. "जाड म्हणजे चांगलं" म्हणून गिअरबॉक्समधे डिफरन्शियलचं जीएल-५ ग्रेडचं ऑइल ओतणारे खूप आहेत. गिअरबॉक्सचे सिंक्रोनायझर (गिअर अलगद पडावा म्हणून असलेली कडी) पितळेचे असतात आणि जीएल-५ मधली केमिकल्स पितळ खातात. गिअरबॉक्सला जीएल-४, डिफरन्शियलला जीएल-५. दुकानदार दोन्हीला चालतं म्हणाला तर कॅनवर लिहिलेलं वाचा.

ब्रीदर, म्हणजे डिफरन्शियलची हवा आत-बाहेर जायची वाट. तापलेलं डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. ब्रीदरला पाइप जोडून तो वर बॉडीपर्यंत न्या, शंभर-दीडशे रुपयांचं काम. स्नॉर्केलवर (इंजिनला उंचावरून हवा देणारा पाइप) हजारो घालवतात आणि ब्रीदर गंजून बंद झालेला असतो. पाण्यातून आलात की प्लग ढिला करून चार थेंब बघायचे, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्याच आठवड्यात बदलायचं. आणि स्नॉर्केल लावून एअर फिल्टरचा डबा सील केला नसेल तर त्या स्नॉर्केलचा पाण्यात काहीही उपयोग नाही.

गंजावर अंडरबॉडी कोटिंग मारू नका. वरून काळंभोर छान दिसतं आणि आत गंज निवांत वाढतो. कोकणातली गाडी असेल तर फ्लोअरचा गालिचा उचलून स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, पत्रा आवाज करेल तर ठीक, आत गेला तर आधी डेंटर.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. विटा, सिमेंटचे ब्लॉक पण नाही, ते अचानक फुटतात. जॅक स्टँड नसतील तर त्या दिवशी काम नाही.

कागदपत्रं. गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमधे बदल चालणार नाही असं सांगितलंय. कायद्यात नंतर आलेल्या १८२ए प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या बलेनोचं १.६ इंजिन टाकायची हौस खूप जणांना असते, बसतं पण छान, पण आरसीवर दुसराच इंजिन नंबर असलेली गाडी पंधरा वर्षांच्या पासिंगला उभी राहिली की काय होतं ते मी दोन मित्रांचं बघितलंय. मूळ सुटे भाग फेकू नका. मी माझे सगळे लेबल लावून माळ्यावर ठेवलेत.

गंजलेल्या बोल्टवर पहिल्याच दिवशी लांब पाइप घालून जोर लावू नका. मी काम रविवारी करायचं असेल तर गुरुवारपासून सकाळ-संध्याकाळ बोल्टवर रस्ट स्प्रे मारतो, स्प्रे नसेल तर डिझेल. एवढी वाट न बघता तोडलेला शॅकलचा बोल्ट ड्रिल करून काढण्यात पूर्ण दिवस जातो, ते करताना मी लोकांना रडकुंडीला आलेलं बघितलंय.

आणि काम झालं की प्रत्येक नटवर पांढऱ्या ऑइल पेंटची एक रेष, अर्धी नटवर अर्धी पत्र्यावर. शंभरेक किलोमीटर चालवायची, मग टॉर्च घेऊन खाली जायचं. रेष तुटलेली दिसली की पाना घ्यायचा.